धर्मग्रामाचा जन्म कधी होतो?
वसईच्या चर्च-स्मरणिकांचे एक वाचन

वसई तालुक्यातल्या एखाद्या जुन्या चर्चची महोत्सवी स्मरणिका उघडली, की पहिल्या पानांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बिशपांचा शुभसंदेश, प्रमुख धर्मगुरूंचे मनोगत, स्थापनेचे साल, वास्तूचा जुना फोटो आणि शेजारी नवा फोटो, आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंची कार्यकाळासह यादी, जीर्णोद्धाराची हकिकत, देणगीदारांची नावे आणि शेवटी जाहिराती. गेली कित्येक वर्षे मी या स्मरणिका जमवतो आहे. काही रद्दीच्या दुकानात सापडल्या, काही लोकांनी कपाटाच्या तळातून काढून दिल्या. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नोंद होत नाही, ग्रंथालये त्या जपत नाहीत, आणि तरीही एका मोठ्या मराठीभाषक समाजाने स्वतःविषयी जे लिहून ठेवले त्याचा बराच भाग त्यांतच आहे. म्हणून त्यांच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहावे आणि त्याची समीक्षा करावी, असे मला वाटते.

माझा आक्षेप एकच आहे. या लेखनात धर्मग्रामाचा जन्म म्हणजे दगड रचल्याची तारीख, आणि त्याची वाढ म्हणजे इमारतीची वाढ. या चौकटीतून जे निसटते, नेमके त्याच्याच बळावर वसईचे धर्मग्राम टिकले.

तीन शब्द

'पॅरिश' या कल्पनेसाठी वसईच्या मराठीत आज 'धर्मग्राम' हा शब्द रुळला आहे. बिशपांचे क्षेत्र तो 'धर्मप्रांत', त्यातले एकेका चर्चचे क्षेत्र ते 'धर्मग्राम'. शब्द सुरेख आहे, आणि वसईच्या भूगोलाला शोभणाराही. इथली जुनी चर्च गावांच्या मध्यावर आहेत, भोवती वाड्या, विहिरी, केळीच्या बागा आणि पानमळे. चर्च आणि गाव एकच, असे वाटावे अशीच ही रचना.

पोर्तुगीज भाषेतला शब्द होता 'फ्रेगेझिया'. त्याचे मूळ लॅटिनमध्ये 'चर्चची लेकरे' या अर्थाच्या शब्दात सांगितले जाते. त्यातला माणूस तो 'फ्रेगेश'; आणि गंमत अशी, की त्याच शब्दाचा आजच्या पोर्तुगीजमध्ये 'गिऱ्हाईक' असाही अर्थ होतो. त्याहून जुना, 'पॅरिश' ज्यातून आला तो ग्रीक शब्द म्हणजे 'पारोइकिया'. त्याचा अर्थ परक्या ठिकाणी तात्पुरती वस्ती करून राहणे. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःच्या मंडळीला हे नाव देत, कारण आपण या जगात पाहुणे आहोत अशी त्यांची भावना होती.

एका शब्दात गाव आहे, दुसऱ्यात नाते, तिसऱ्यात परकेपणा. स्मरणिकांनी यातला फक्त पहिला उचलला. नाते आणि परकेपणा या दोन्ही गोष्टी वसईच्या इतिहासात ठळक आहेत, पण त्यांना स्मरणिकेत पान मिळत नाही.

वहीतला रकाना

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर आंतोनियो दो पोर्तो आणि त्याचे फ्रान्सिस्कन सहकारी आले. पुढे जेज्वीट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांनी आपापली ठाणी मांडली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईच्या गावांत एकामागून एक चर्च उभी राहिली. धर्मांतरामागे राज्यसत्ता होती, सवलती होत्या, धाकही होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले, हे या काळाबद्दल लिहिताना वगळता येत नाही. बहुतेक स्मरणिका इथे 'मिशनऱ्यांनी सुवार्ता आणली' एवढेच म्हणून पुढे जातात. त्यांचे टीकाकार 'तलवारीच्या जोरावर बाटवले' एवढ्यावर थांबतात. दोघांच्याही वाक्यात कर्ता बाहेरचा आहे, आणि गावकरी दोन्हीकडे केवळ कर्म.

गावकऱ्याला कर्तेपण देणारे एक साधन त्याच काळात चर्चमध्ये आले होते. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे प्रत्येक पॅरिशवर बंधनकारक केले. मृत्यूची वही १६१४ च्या विधिग्रंथाने सक्तीची केली. म्हणजे पॅरिश ही युरोपातही याच काळात कागदावर नव्याने घडत होती. मुलाचे नाव, आईबापांची नावे, तारीख, आणि धर्मपिता व धर्ममाता यांची नावे. वहीतले हे रकाने राज्यकर्त्यांच्या आणि धर्मसंघांच्या कामाचे होतेच. त्यांतल्या शेवटच्या रकान्याने मात्र गावात एक नवे नाते निर्माण केले.

मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता यांनी एकमेकांना ज्या नात्याने हाक मारायची त्याला पोर्तुगीज शब्द 'कोंपाद्रे'. वसईच्या उत्तर भागातला सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला 'कुपारी' म्हणवतो, आणि त्या नावाची व्युत्पत्ती सामान्यतः याच शब्दापासून सांगितली जाते. हे मान्य केले, तर केवढी विलक्षण गोष्ट झाली! बाप्तिस्म्याच्या वहीतल्या एका रकान्याचे नाव एका अख्ख्या समाजाचे नाव झाले. स्थापनेच्या सालाहून ही गोष्ट मोठी आहे. पाद्र्याने लावून दिलेले नाते लोकांनी आपल्या भाऊबंदकीत मिसळून घेतले आणि त्यावर स्वतःची ओळख उभी केली.

हेही खरे, की त्या मिसळण्याला मर्यादा होत्या. सामवेदी कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती यांची गावे वेगळी राहिली, बोली वेगळ्या राहिल्या, आणि सोयरीक दीर्घकाळ आपापल्यातच होत राहिली. कादोडी आणि वाडवळी या दोन बोली आजही कानाला वेगळ्या ऐकू येतात, याचा अर्थच असा, की एका धर्माने आणि एका वेदीने जातीच्या भिंती पाडल्या नाहीत. स्मरणिकांत बोलीचे कौतुक भरपूर असते. तिच्या वेगळेपणामागच्या जातीचा उल्लेख क्वचितच येतो.

घंटा गेल्या, माणसे राहिली

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. आपल्या इतिहासलेखनात हा शेवटचा अंक आहे. मोहिमेच्या मराठी वर्णनात किल्ल्यावर निशाण चढते आणि पडदा पडतो. उलट बाजूने पाहणारे पोर्तुगीज लेखनही तिथेच थांबते, फक्त सूर शोकाचा होतो. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या पुरावास्तूंवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, ते या विषयातले मोलाचे काम आहे. पण त्यांचीही नजर पडक्या भिंतींवर, थडग्यांच्या शिळांवर आणि कोरीव लेखांवर खिळलेली आहे. किल्ल्यातल्या भग्न चर्चांच्या कमानी आजही छायाचित्रकारांना बोलावतात, आणि 'वसईचे ख्रिस्तीपण' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तेच अवशेष येतात.

विजयाची खूण म्हणून वसईच्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा प्रसिद्ध आहे. वाईजवळच्या मेणवलीला आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. त्यांच्यावरचे साल, त्यांच्यावरची चित्रे यांविषयी आपण हौसेने लिहितो. पण त्या घंटा ज्यांना हाक मारत होत्या त्या लोकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मराठी वाचकाने फारसा विचारलेला नाही.

ते लोक तिथेच राहिले. शरणागतीच्या वेळी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक देण्यात आली होती. गोरे सरदार-जमीनदार गेले, युरोपीय धर्मसंघ गेले, त्यांच्या जमिनी आणि उत्पन्न गेले. उरले ते मोजके देशी धर्मगुरू आणि गावकरी. १७६० च्या अखेरीस खाडीपलीकडच्या ठाणे-साष्टीतून फ्रेंच प्रवासी आंकेतील द्युपेराँ फिरला. मराठी अमलात ख्रिस्ती उपासना उघडपणे चालू होती आणि धर्मगुरू प्रामुख्याने देशी होते, असे चित्र त्याच्या प्रवासवर्णनातून मिळते.

इथे माझ्या मुख्य मुद्द्याची कसोटी लागते. स्थापना करणारी सत्ता निघून गेली, तिचा पैसा गेला, सक्तीही गेली. धर्मग्राम जर केवळ त्यांनी रचलेली वास्तू असती, तर १७३९ नंतरच्या एकदोन पिढ्यांत ती ओसाड पडायला हवी होती. किल्ल्यातली चर्च तशीच ओसाड पडली, कारण तिथला समाज राज्यकर्त्यांबरोबर निघून गेला. गावांतली चर्च मात्र टिकली. एकच धर्म, एकच काळ, एकच पराभव, आणि निकाल दोन. या फरकाचे उत्तर दगडात सापडत नाही. ते धर्मपित्याच्या नात्यात, सोयरिकीत, वाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी होणाऱ्या प्रार्थनेत आणि तोंडपाठ शिकवल्या जाणाऱ्या धर्मशिक्षणात शोधावे लागते, असा माझा तर्क आहे.

या तर्काला एक समांतर उदाहरण साहित्याच्या इतिहासातून देता येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या विरोधात फर्मान काढले आणि ग्रंथाला छापखाना राहिला नाही. तरी जे. एल. साल्डाना यांना १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढता आली, कारण लोकांनी हाताने नकला करून तो जिवंत ठेवला होता. ग्रंथाचे जे तिकडे झाले, तेच धर्मग्रामाचे इकडे झाले. ज्यांनी सुरुवात करून दिली त्यांनी हात काढून घेतल्यावर ते लोकांचे झाले.

म्हणून वसईच्या जुन्या धर्मग्रामांना स्थापनेची एकच तारीख देणे मला अपुरे वाटते. पहिली स्थापना पाद्र्यांनी केली, दुसरी १७३९ नंतर गावकऱ्यांनी. दुसरीला कोनशिला नाही, म्हणून तिचा महोत्सवही होत नाही.

दोन बिशपांचा काळ

प्रमुख धर्मगुरूंच्या यादीतून आणखी एक गोष्ट लपून राहते. ती म्हणजे यादीतली माणसे कोणाच्या हुकमाने येत होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर जो आश्रयाधिकार होता त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. रोमने मात्र सतराव्या शतकापासून 'प्रोपागांदा' या स्वतःच्या खात्यामार्फत धर्मगुरू पाठवायला सुरुवात केली. मुंबईत दोन्ही पक्षांत शतकभराहून अधिक काळ झगडा चालला. एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे, काही ठिकाणी अगदी जवळजवळ दोन चर्च. वसई पाद्रोआदोच्या बाजूला राहिली. १८८६ मध्ये नव्याने उभारलेल्या दमणच्या धर्मप्रांतात ती गेली. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या करारानंतर तो धर्मप्रांत विसर्जित झाला आणि वसई मुंबईला जोडली गेली. अखेर मे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप थॉमस डाबरे पहिले धर्मप्रांताधिकारी झाले.

गोवा, दमण, मुंबई, मग वसई. चावी हातोहात फिरत राहिली. ज्यांच्या वतीने ती फिरत होती ते लोक त्याच वाड्यांत होते. स्मरणिका या बदलांची नोंद घेतात, पण कारकुनी पद्धतीने, बदलीचा हुकूम नोंदवावा तशी.

कोणती मराठी?

तिसरी स्थापना भाषेची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेला वाट मोकळी झाली. वसईत लोकभाषा म्हणजे काय, हा प्रश्न सोपा नव्हता. चुलीजवळ कादोडी किंवा वाडवळी, शाळेत प्रमाण मराठी, वेदीवर लॅटिन, अशी तिहेरी व्यवस्था होती. लॅटिनची जागा प्रमाण मराठीने घेतली. 'धर्मग्राम', 'धर्मप्रांत', 'धर्मगुरू', 'धर्मभगिनी' अशी संस्कृतप्रचुर शब्दावली रुळली, आणि 'इगर्जी'सारखे चार शतकांच्या वापराने घासून गुळगुळीत झालेले पोर्तुगीज शब्द मागे पडले.

या निवडीचा लाभ मोठा होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ पर्यंत संपादित केलेले 'सुवार्ता' मासिक धर्मग्रामाच्या कुंपणाबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत पोचले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका याच मातीतून आल्या. लॅटिनमध्ये गुडघे टेकणाऱ्या गावाला मराठी साहित्यात उभे राहण्याची जागा मिळाली.

पण किंमतही होती. ज्या बोलीत आजीने क्रुसाची खूण करायला शिकवले, ती वेदीपासून पुन्हा एकदा चार पावले दूरच राहिली. आधी लॅटिनमुळे, मग प्रमाण मराठीमुळे. हा बदल घडताना गावात कुरबुर झाली असेल, म्हाताऱ्यांना चुकल्यासारखे वाटले असेल, तरुणांना मोकळे वाटले असेल. त्या पिढीतली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. स्मरणिकांत मात्र हा सगळा पालट 'परिषदेनंतर उपासना मराठीत सुरू झाली' एवढ्या एका वाक्यात आटोपतो.

परक्यांची वस्ती

चौथी स्थापना आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. विजेवरची लोकल १९३६ मध्ये विरारपर्यंत आली, तेव्हा शेतकरी वसईची पाने, केळी आणि भाजी मुंबईला नेत होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याच गाड्यांनी मुंबईची माणसे इकडे आणली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. 'हरित वसई'च्या आंदोलनात दिब्रिटोंसारखे धर्मगुरू आणि जुने गावकरी जमीन-पाणी वाचवायला उभे राहिले, ते याच लाटेसमोर.

या लाटेत कॅथलिकही होते. मुंबईच्या चाळींतून आलेले गोवेकर, मंगळुरी, तमिळ, मल्याळी. त्यांच्यासाठी रेल्वेलगतच्या भागात नवी धर्मग्रामे निघाली. तिथे मराठीबरोबर इंग्रजीत आणि इतर भाषांतही उपासना होते. त्यांना विहिरीचा, वाडीचा, भाऊबंदकीचा आधार नाही. इमारतीच्या नावावरून आणि विंगच्या अक्षरावरून एकमेकांची ओळख होते. जुन्या वसईला ही मंडळी 'बाहेरची' वाटतात. गंमत अशी, की ग्रीक शब्दाच्या मूळ अर्थाने खरी 'पारोइकिया' तीच.

चर्चच्या कायद्यातही दरम्यान एक लक्षणीय बदल झाला होता. १९१७ च्या संहितेत पॅरिशची व्याख्या प्रदेशापासून सुरू होत होती : बिशपांच्या क्षेत्राचा एक भाग, त्यात एक चर्च, त्याला नेमून दिलेली माणसे. १९८३ च्या संहितेत ती माणसांपासून सुरू होते : पॅरिश म्हणजे श्रद्धावंतांचा निश्चित, स्थिर समुदाय. कायद्याने जे ओळखले ते स्मरणिकांनी अजून ओळखलेले नाही. त्या अजूनही १९१७ च्या व्याख्येप्रमाणे लिहिल्या जातात.

स्मरणिकेच्या बाजूने

या लेखनाची एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. स्मरणिका हौशी माणसे काढतात. दिवसा नोकरी, रात्री मुद्रितशोधन, जाहिरातींसाठी दारोदार. चर्चचे नाव लागलेल्या पुस्तकात जातीचा तंटा, पुजाऱ्याशी झालेले भांडण, दोन गावांनी चर्चच्या जागेवरून घातलेला वाद छापणे त्यांना अवघड जाते. आणि इमारतीचा अभिमान खोटाही नाही. ज्यांनी बागेच्या उत्पन्नातून, दागिने मोडून देणग्या दिल्या, त्यांच्यासाठी ती भिंत म्हणजे घामच आहे. या पुस्तिकांनी फोटो वाचवले, नावे वाचवली. एवढे काम कोणत्याही विद्यापीठाने या गावांसाठी केलेले नाही.

तरी मागणी करायचीच, तर ती प्रेमाच्या लेखनाकडेच करावी. प्रमुख धर्मगुरूंच्या यादीशेजारी दुसरी यादी असावी : घंटा वाजवणारे, धर्मशिक्षण देणारे, वाद्य वाजवणारे, वेदीची कापडे धुणाऱ्या आणि फुले रचणाऱ्या स्त्रिया, कबरी खणणारे. नोंदवह्यांची अक्षरे पुसत चालली आहेत; त्यांची नीट प्रतिकृती व्हावी, आणि कोणत्या वाडीने कोणत्या वाडीतले धर्मपिते निवडले याचा अभ्यास व्हावा. जातीची आणि मैत्रीची खरी वाट त्यातून दिसेल. एका धर्मग्रामातून दुसरे कधी व का फुटले, वेगळे होताना कोणाचे मन दुखावले, हे लिहिले जावे, कारण धर्मग्राम वाढते ते विभागूनच. आणि जे सोडून गेले, शहरात, परदेशात, किंवा चर्चपासूनच दूर, त्यांनाही एखादे पान मिळावे.

हे सर्वांत आधी करता येईल ते नव्या धर्मग्रामांत. त्यांचे रौप्यमहोत्सव आता येऊ लागले आहेत, आणि त्यांच्या स्मरणिका जुन्याच साच्यात निघण्याची चिन्हे आहेत : संदेश, साल, यादी, इमारत, जाहिराती. सोळाव्या शतकातल्या पहिल्या गावकऱ्याला 'तू का आलास, काय मागे टाकलेस, पहिला धर्मपिता कोणाला केलेस' असे विचारण्याची सोय आपल्याला नाही. नव्या धर्मग्रामांचे पहिले गावकरी मात्र अजून हयात आहेत. पहिली मिस्सा कोणाच्या हॉलमध्ये झाली, खुर्च्या कोणी आणल्या, कोणत्या भाषेत गायचे यावरून काय वाद झाला, हे त्यांना आठवते. पुढच्या अंकाच्या संपादकाने त्यांच्या घरी जाऊन विचारावे.